नित्याच्या परिसराचे छायाचित्रण

खेड्यातील घरांत भिंतीवर टांगलेली किंवा ट्रंकेत जपून ठेवलेली जुनी छायाचित्रे पाहिली, तर त्यांत बहुधा तीनच प्रसंग आढळतात: लग्न, यात्रा आणि निधन. लग्नाच्या छायाचित्रात मंडपाचे कापड दिसते. यात्रेच्या छायाचित्रात छायाचित्रकाराचा रंगविलेला पडदा दिसतो. निधनानंतर भिंतीवर चढलेले आजीचे चित्र तर कित्येकदा मतदार ओळखपत्रावरील इवल्याशा चौकोनावरून मोठे करून घेतलेले असते. जी बाई आयुष्यभर चुलीपुढे, आडावर आणि शेतात वावरली, तिचे यांपैकी एकाही ठिकाणचे चित्र घरात नसते.

जे माणसाचे, तेच गावाचे. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पुरे झाले व करमाळा, इंदापूर आणि शेजारच्या तालुक्यांतील कित्येक गावांची घरे व शिवारे जलाशयाखाली गेली. इंदापूर तालुक्यातील जुन्या पळसदेव येथील पळसनाथाचे दगडी मंदिर अद्याप उभे आहे. उन्हाळ्यात पाणी फार ओसरले म्हणजे ते उघडे पडते आणि त्याची छायाचित्रे घेण्यासाठी लांबून लोक येतात. परंतु मंदिराभोवती जी घरे होती, त्यांच्या ओट्यावर कोण बसत असे, बाजाराची पाले कोणत्या झाडाखाली पडत, शाळेची घंटा कशाला टांगलेली होती, हे मंदिर सांगू शकत नाही. पुनर्वसित गावांतील वृद्धांस ते आठवते. त्यांच्या नातवंडांस ते दाखविण्यासारखे मात्र फारच थोडे उरले आहे. धरण होणार हे ठाऊक असूनही रोजच्या गल्लीचे चित्र काढून ठेवावे असे कोणास वाटण्याचे कारण नव्हते. कॅमेरा दुर्मिळ होता आणि गल्ली तर रोजचीच होती.

आज पहिली अडचण उरलेली नाही. मोबाइल बहुतेक घरांत आहे आणि शिक्षकाच्या खिशात तर आहेच. दुसरी अडचण मात्र जशीच्या तशी आहे. रोजचे म्हणून जे जे आहे, ते पाहण्याजोगे नाही, अशी समजूत मुलांत असते व मोठ्यांतही असते. २०२३ च्या जूनमध्ये सोलापूर येथील सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंच चिमणी पाडली, तेव्हा ती कोसळतानाची चित्रे हातोहाती पसरली. ती उभी असता, ऊसगाड्यांच्या रांगेमागे धूर सोडताना, तिच्याकडे कॅमेरा रोखण्याचे कोणाच्या मनात सहसा येत नसे.

शिक्षकासही छायाचित्रण नवे नाही. शालेय पोषण आहाराची खिचडी, वृक्षारोपण, प्रभातफेरी, भेट देणारे अधिकारी, यांची छायाचित्रे त्यास वारंवार काढावी लागतात व वर पाठवावी लागतात. ही पुराव्याची छायाचित्रे होत. त्यांत सर्व मुले एका रांगेत, हात खाली सोडून, कॅमेऱ्याकडे पाहत उभी असतात. रोप दिसते, पण रोप लावणाऱ्या मुलाची चिखलाने भरलेली बोटे दिसत नाहीत. अशी छायाचित्रे आवश्यक असतील, परंतु त्यांनी पाहण्याची सवय लागत नाही. उलट, पाहिल्याशिवायही छायाचित्र काढता येते, हे मात्र मुले त्यांवरून शिकतात. प्रस्तुत पाठाचा हेतू याच्या नेमका उलट आहे. मुलांनी आपल्या शाळेच्या हाकेच्या अंतरातील एखादी वस्तू निवडावी, तिच्याकडे पुन:पुन्हा जावे व जे पाहिले त्याची तारीखवार नोंद करावी, एवढेच येथे अपेक्षित आहे.

खिडकी, दार आणि कुंडी

छायाचित्रणाचा आरंभच मुळी घरच्या खिडकीतून झाला, हे मुलांना अवश्य सांगावे. फ्रान्समधील निसेफोर निएप्स याने १८२६-२७ च्या सुमारास आपल्या घराच्या माडीवरच्या खिडकीत पेटी ठेवून समोरची छपरे व अंगण यांचे चित्र मिळविले. आज टिकून असलेले कॅमेऱ्याने घेतलेले सर्वांत जुने छायाचित्र ते हेच होय. प्रकाशाचा परिणाम होण्यास इतके तास लागले की, त्या अवधीत सूर्य आकाश ओलांडून गेला आणि चित्रात अंगणाच्या दोन्ही बाजूंच्या भिंती उजळलेल्या दिसतात. इंग्लंडमधील टॅल्बट याने १८४४ मध्ये काढलेले एक प्रसिद्ध छायाचित्र एका उघड्या दाराचे आहे. दाराशी खराटा टेकवून ठेवला आहे, एवढाच त्याचा विषय. असे दार व असा खराटा सोलापूर जिल्ह्यातील कोणत्या वस्तीवर नाही?

मराठी माणसाचे उदाहरण याहूनही जवळचे आहे. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके, यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरास झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी शिक्षण घेतले. गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसायही केला. १९१२ साली ते लंडनहून चलच्चित्राचा कॅमेरा घेऊन परतले. चित्रपट काढावयाचा तर भांडवल पाहिजे, आणि भांडवल देणाऱ्यास हा खेळ खरा आहे हे पटवून द्यावयास पाहिजे. फाळक्यांनी त्यासाठी राजवाडा शोधला नाही. त्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले आणि कुंडीपुढे कॅमेरा मांडला. महिन्याहून अधिक काळ ते त्या कुंडीची चित्रे घेत राहिले. ती सलग दाखविली तेव्हा बीज फुटून, कोंब वर येऊन, वेल चढत गेलेला मिनिटभरात डोळ्यांपुढे उभा राहिला. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखली जाणारी ही लहानशी पट्टी पाहून त्यांना पैशांची मदत मिळाली व ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईत लोकांपुढे आला. भारतीय चित्रपटाचा इतिहास सांगताना राजा हरिश्चंद्रापासून प्रारंभ करण्याची रीत आहे. शाळेत मात्र तो वाटाण्याच्या कुंडीपासून सांगणे अधिक उचित होय, कारण ती कुंडी प्रत्येक शाळेत ठेवता येते.

यावर गणिताचा एक तास सहज होईल. मूकपटांच्या काळी साधारणत: सेकंदाला १६ चित्रे धरीत. मग एका मिनिटास किती? ९६०. तीस दिवसांत ती घ्यावयाची तर रोज किती? ३२. आता शाळा दिवसातून सहा तास भरते. त्या वेळात ३२ चित्रे घ्यावयाची तर दोन चित्रांत सुमारे किती मिनिटांचे अंतर पडेल? पाचवीच्या मुलास हे उदाहरण पुस्तकातील नळ-टाकीच्या उदाहरणापेक्षा खचित गोड वाटेल.

दुसरे उदाहरण परदेशातील एका शेतकऱ्याचे आहे. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात जेरिको या खेड्यात विल्सन बेंटली (१८६५-१९३१) राहत असे. त्याची आई पूर्वी शिक्षिका होती. तिने त्याला घरीच शिकविले आणि पंधराव्या वर्षी हाती एक सूक्ष्मदर्शक दिला. तेथे हिवाळ्यात अंगणात बर्फ पडते. बेंटलीने सूक्ष्मदर्शकास कॅमेरा जोडून १५ जानेवारी १८८५ रोजी एका हिमकणाचे छायाचित्र घेतले. तेव्हा त्यास वीस वर्षेही पूर्ण झालेली नव्हती. पुढे शेती सांभाळून त्याने पाच हजारांहून अधिक हिमकणांची छायाचित्रे काढली. आजही हिमकणांचा विषय निघाला की शास्त्रज्ञ त्याचे नाव घेतात. आपल्याकडे हिम पडत नाही, परंतु पौष महिन्यातील पहाटेचे दव आहे, चैत्रात भेगाळलेली काळी जमीन आहे, वळिवाच्या पहिल्या थेंबांनी फुफाट्यात पडलेले खळगे आहेत. भेगांच्या रेषा कोठे एकमेकींस मिळतात व त्यांचे कोन कसे पडतात, हे जमिनीपाशी उकिडवे बसून पाहणारे मूल भूमितीचाच अभ्यास करीत असते.

वर्गाची अंधारी खोली

मोबाइल हातात देण्यापूर्वी मुलांना कॅमेऱ्याच्या आत बसवावे. हा विनोद नव्हे. कॅमेरा या शब्दाचा लॅटिन भाषेतील अर्थच खोली असा आहे. वर्गाची दारे-खिडक्या सोलापुरी चादरी लावून बंद कराव्यात. जाड विणीमुळे त्या या कामी फार चांगल्या. एका खिडकीस पुठ्ठा ठोकून त्यात करंगळी जाईल एवढे भोक पाडावे. शाळा सकाळची असेल तर ही खिडकी पश्चिमेकडील असावी, म्हणजे बाहेरच्या देखाव्यावर समोरून ऊन पडलेले असते. भोकापासून चार-पाच हातांवर पांढरे धोतर ताणून धरावे व मुलांना पाच-दहा मिनिटे गप्प बसण्यास सांगावे. डोळे अंधारास सरावले की धोतरावर बाहेरचा लिंब, ध्वजस्तंभ, रस्त्याने जाणारी बैलगाडी दिसू लागते. दिसते ती उलटी: झाड खाली डोके करून व माणसे पायांनी आभाळ तुडवीत. वर्गात एकच गलका होतो. तो होऊ द्यावा.

मग कारण विचारावे. प्रकाश सरळ रेषेत जातो. झाडाच्या शेंड्याकडून आलेला किरण भोकातून जाऊन खाली पडतो व बुंध्याकडील किरण वर जातो. धोतर भोकाजवळ नेले तर चित्र लहान व उजळ होते, दूर नेले तर मोठे व मंद होते. तीन मीटर उंचीचे झाड दहा मीटर दूर असेल आणि धोतर भोकापासून एक मीटरवर असेल, तर चित्राची उंची ३० सेंटिमीटर येते. प्रमाण मुलांनी स्वत: मोजून पडताळावे. भोक मोठे केल्यास चित्र उजळते परंतु पुसट होते. मोबाइलमधील भिंगाचे काम हेच की, भोक मोठे ठेवूनही चित्र रेखीव राहावे. त्यामागील धोतराची जागा प्रकाश टिपणाऱ्या सूक्ष्म जाळीने घेतली आहे. येथे एक सूचना कटाक्षाने पाळावी: भोकातून किंवा भिंगातून सूर्याकडे कोणीही पाहू नये.

सोलापूरचे ऊन

छायाचित्रणाच्या बहुतेक पुस्तकांतील प्रकाशविषयक सूचना थंड व ढगाळ देशांच्या अनुभवावर बेतलेल्या असतात. सोलापूर सुमारे १७.७ उत्तर अक्षांशावर आहे. येथील ऊन निराळे, म्हणून येथील अभ्यासही निराळा. अंगणात एक मीटर उंचीची काठी ओळंब्यात रोवून सावली मोजावी. २२ डिसेंबरच्या सुमारास मध्यान्ही सावली सुमारे ८७ सेंटिमीटर भरते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि काठीची सावली नाहीशी होते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा तसेच घडते, परंतु तेव्हा ढग दगा देण्याचा संभव असतो. मध्यान्ह म्हणजे घड्याळातील बारा नव्हेत. सोलापुरी सूर्य माथ्यावर येण्यास मे व डिसेंबर महिन्यांत १२ वाजून सुमारे २५ मिनिटे होतात, कारण घड्याळ ८२.५ पूर्व रेखांशाचे आणि गाव त्याच्या पश्चिमेस.

या मोजणीचा छायाचित्राशी संबंध असा. सूर्य डोक्यावर असता माणसाच्या भुवयांची सावली डोळ्यांवर पडते व चेहरा कवटीसारखा दिसतो. भिंतीचे पोपडे, विटांचे सांधे, हातमागाच्या कापडाची वीण हे सर्व सपाट होऊन जाते. सकाळी आठच्या आत किंवा सायंकाळी पाचनंतर तीच भिंत तिरप्या उन्हात उठून दिसते, कारण प्रत्येक कणाला स्वत:ची सावली मिळते. मुलांना एकाच भिंतीची तीन चित्रे घेण्यास सांगावे: सकाळचे, मध्यान्हीचे व सायंकाळचे. ती शेजारी ठेवल्यावर शिक्षकास अधिक बोलण्याची गरज पडत नाही.

ढगाळ दिवस वाईट, असे मुलांना वाटते. चेहऱ्यांसाठी तो सर्वांत चांगला. तो नसेल तेव्हा घराचे दार उपयोगी पडते. माळवदाच्या जुन्या घरांत आतली खोली काळोखी असते आणि प्रकाश एका दारातूनच येतो. माणसाने उंबऱ्याच्या आत हातभर अंतरावर दाराकडे तोंड करून बसावे व छायाचित्रकाराने दारात उभे न राहता एका बाजूस सरावे, म्हणजे चेहऱ्याच्या एका अंगावर प्रकाश व दुसऱ्या अंगावर मंद छाया पडते. मोठ्या शहरांतील चित्रशाळांतून पैसे खर्चून जो प्रकाश तयार करतात, तो येथे उंबऱ्यापाशी आयताच मिळतो.

चुन्याने रंगविलेली पांढरी भिंत मात्र टाळावी. मोबाइल सर्व चित्राच्या उजेडाची सरासरी काढतो. मागे लख्ख भिंत असली की सरासरी राखण्यासाठी तो सावळा चेहरा आणखी काळा करतो. पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट टेकविले म्हणजे तो चेहऱ्यास महत्त्व देतो. त्याहून सोपा उपाय म्हणजे मुलास दगडी भिंतीपुढे, फळ्यापुढे किंवा लिंबाच्या सावलीपुढे उभे करणे. कित्येक मोबाइलांत चेहरा गोरा व गुळगुळीत करण्याची सोय आपोआप चालू असते. ती शाळेत प्रथम बंद करावी. उन्हात राबणाऱ्या आईबापांच्या मुलीस, तिचे खरे रूप चित्रात ठेवण्यालायक नाही, असे यंत्राकडून कळावे आणि शाळेने त्यास मूक संमती द्यावी, ही गोष्ट क्षुल्लक नाही.

एक दगड, एक शेत

आता मुख्य अभ्यास. शाळेजवळचे रब्बी ज्वारीचे एक शेत निवडावे. मंगळवेढ्याकडे मालदांडी असेल, अन्यत्र दुसरे वाण असेल, त्याने बिघडत नाही. बांधावर एक दगड ठरवावा, त्यावर चुन्याची खूण करावी व उभे राहणाऱ्याने कोणत्या झाडाकडे मोबाइलची कड लावावी तेही ठरवावे. पेरणीच्या आठवड्यापासून दर शनिवारी शाळा सुटल्यावर एकाच वेळी, त्याच दगडावरून एकच चित्र घ्यावे. पाळीपाळीने प्रत्येक मुलाकडे हे काम यावे. ज्वारीस सुमारे चार महिने लागतात, म्हणजे सतरा-अठरा चित्रे होतील. एवढ्यावर सर्व अभ्यास संपतो. तो पार पाडणे मात्र दिसते तितके सोपे नाही.

तिसऱ्या-चौथ्या शनिवारी मुले कंटाळतात. ‘गुरुजी, तेच तर आहे,’ असे म्हणतात. शिक्षकाची कसोटी येथेच आहे. त्या वेळी आधीचे चित्र काढून आजच्या चित्राशेजारी ठेवावे व पाच फरक शोधावयास लावावे. पहिले दोन लगेच सापडतात. ताटे वाढली, मातीचा रंग बदलला. तिसऱ्यासाठी वाकून पाहावे लागते. कोपऱ्यातील ताटे इतरांपेक्षा गडद आहेत. तेथे ओल अधिक का? बाभळीच्या सावलीतील ओळी खुरटल्या आहेत. बांधावरचे गवत कोणी तरी कापून नेले. त्या घरी जनावर आहे काय? पाचवा फरक कधी कधी शिक्षकासही ठाऊक नसतो, आणि तो ज्याचे शेत आहे त्यास विचारण्यासाठी मुलांना पाठवावे लागते. शाळेतील पाठ असा शेतकऱ्याच्या ओट्यावर जाऊन पोहोचला, की परिसर अभ्यास या विषयाचे नाव सार्थ झाले.

पुढे पीक पोटरीत येते, कणसे बाहेर पडतात, पाखरे येतात, बुजगावणे उभे राहते, गोफण फिरू लागते. मार्गशीर्षातील वेळ अमावास्येस शेतात कडब्याची कोपी उभारून पूजा होते. त्या दिवशी घरोघरचे लोक जेवणाची चित्रे काढतीलच. शाळेच्या मुलाने दगडावर उभे राहून नेहमीचेच चित्र काढावे. मग हुरडा, काढणी, मळणी. शेवटच्या चित्रात उघडी जमीन आणि कडब्याची गंजी. सर्व चित्रे क्रमाने भिंतीवर लावली म्हणजे फाळक्यांच्या कुंडीत जे घडले, तेच गावाच्या शेतात घडलेले दिसते. पाऊस दगा देऊन पीक करपले, तर मालिका सोडून देऊ नये. करपलेल्या शेताची चित्रे तर अधिकच आवश्यक होत, कारण दुष्काळाचे आकडे तहसील कचेरीत राहतात, पण कोणत्या आठवड्यात पाने वळू लागली हे कोठेच राहत नाही.

शेताऐवजी गावची विहीर घेता येईल: पायरीवरील एकाच खुणेपासून पाणी किती खाली गेले ते दर पंधरवड्यास टिपावे. शहरालगतच्या शाळांना यंत्रमागाची गल्ली आहे, विडीच्या पानांचे वाळवण आहे, गिरणगावातील चाळी आहेत. ज्या ठिकाणी काही तरी लवकरच पालटणार आहे, अशा जागेस पहिली पसंती द्यावी. रस्ता रुंद होणार असेल तर त्यावरील वडाची झाडे आणि शाळेची नवी इमारत होणार असेल तर जुनी कौलारू खोली.

चित्र घेण्याच्या कौशल्याबद्दल थोडेच सांगणे पुरे. भिंग स्वच्छ रुमालाने पुसावे. खिशातील धुळीने निम्मी चित्रे बिघडतात. दोन्ही कोपरे अंगाशी टेकवून मोबाइल धरावा. वस्तू मोठी दिसावी म्हणून पडद्यावर बोटे ताणू नयेत, चार पावले पुढे जावे. मुलाचे चित्र घ्यावयाचे तर मुलाच्या उंचीवर बसावे, उभ्याने वरून घेऊ नये. उरलेले मुले स्वत:च शोधून काढतात.

माणसांची छायाचित्रे

मोठे छायाचित्रकार विषयासाठी दूर गेले असतीलही, परंतु ज्यांनी आपल्याच माणसांकडे पाहिले त्यांचे काम मराठी समाजास अधिक मोलाचे ठरले आहे. संदेश भंडारे यांनी तमाशाच्या फडांची व पंढरीच्या वारीची छायाचित्रे घेतली. सुधारक ओलवे यांनी मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचे जीवन कॅमेऱ्याने नोंदविले. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. शहराने रोज पाहूनही न पाहिलेली माणसे त्यांनी दाखविली.

मुलांना पहिले काम घरातच द्यावे: घरातील कोणाचेही एक चित्र, काम करीत असतानाचे. नटून बसलेले नको. भाकरी थापणारे हात, विडी वळणारी आई, मोटारीचे चाक काढणारा भाऊ, शेरडे राखणारी आजी. येथे दोन नियम अनुल्लंघनीय समजावेत. पहिला, विचारल्यावाचून चित्र घ्यावयाचे नाही, आणि नको म्हटल्यास कारण विचारावयाचे नाही. दुसरा, ज्याचे चित्र घेतले त्यास ते दाखवावयाचे व शक्य तर कागदावर छापून द्यावयाचे. मुलांची चित्रे शाळेबाहेर पाठविण्यापूर्वी पालकांची लेखी संमती घ्यावी. मुलींच्या बाबतीत हा नियम दुप्पट काटेकोरपणे पाळावा. ऊसतोडणीच्या फडावरून शाळेत आलेली मुले, मोडकी पाले, अनवाणी पाय, यांची चित्रे पाहणाऱ्याची दया जागी करण्यासाठी घेऊ नयेत. ती मुले वर्गातील इतर मुलांच्या बरोबरीने मोबाइल हाती घेऊन चित्रे काढोत. त्यांच्या पाठीवरच्या बिऱ्हाडात आजवरच्या गावांचे एकही चित्र नसेल, तर त्यांना त्याची गरज इतरांपेक्षा अधिकच आहे.

नोंद व जतन

तारीख नसलेले छायाचित्र काही वर्षांनी मुके होते. मोबाइल तारीख आपल्या पोटात ठेवतो खरा, परंतु व्हॉट्सॲपवरून पाठविलेल्या चित्रातून ही माहिती गळून जाते व चित्रातील बारकावाही कमी होतो. म्हणून मूळ प्रतच संगणकावर घ्यावी. शिवाय एक साधी वही ठेवावी. तीत चित्राचा क्रमांक, तारीख, वेळ, जागा, चित्र घेणाऱ्या मुलाचे नाव आणि त्याने स्वत: लिहिलेली तीन-चार वाक्ये असावीत. वाक्ये चित्रात न दिसणाऱ्या गोष्टींबद्दल असावीत: वारा कसा होता, वास कसला येत होता, शेतकरी काय म्हणाला. भाषेच्या तासास याहून चांगला निबंध नाही, कारण येथे मुलास सांगण्यासारखे काही तरी खरोखरीच असते.

मोबाइल एकच असेल तर तो शिक्षकाचा, व तो वर्गात नियमाने फिरावा. साधनांची वाण असताही काम होते, हे या जिल्ह्यास नव्याने सांगावयास नको. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत पुस्तकांवर क्यूआर कोड चिकटवून मोबाइलद्वारे पाठ मुलांपर्यंत पोहोचविणारे रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. यंत्र तेच होते, जे इतरांच्याही हाती होते.

वर्षाच्या शेवटी एक तास जुन्या छायाचित्रांसाठी राखावा. प्रत्येक मुलाने घरातील एक जुने छायाचित्र, किंवा त्याची मोबाइलवर घेतलेली प्रत, आणावी व घरातील वृद्धास विचारून त्यातील माणसांची नावे लिहून आणावीत. माणसांच्या मागे काय दिसते, तिकडे विशेष लक्ष पुरवावे. लग्नाच्या रांगेमागे चुकून आलेला रहाट, ओसरीवरचे जाते, भिंतीवरील कंदील, आता नसलेला पिंपळ, अशा गोष्टी तेथे सापडतात. ज्याने चित्र काढले त्याच्या त्या मनातही नव्हत्या.

सर्व चित्रांची एक छापील प्रत शाळेच्या कपाटात व एक ग्रामपंचायतीत ठेवावी. शिक्षकाची बदली होते, मोबाइल बदलतो, कपाट राहते. वहीच्या पहिल्या पानावर दगडाची जागा नकाशा काढून दाखवावी, म्हणजे पुढील वर्षी नव्याने आलेल्या शिक्षकास तो सापडेल.